बाळ्या, तुझा तांब्याचा ब्लॉक

बाळ्या,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि माझं कॉम्प्युटरचं मशीन अजून तुझ्याच रेडिएटरवर चाललंय. आज सकाळी चालू केलं तर नळीतून बारीक खळखळ ऐकू आली. तू असतास तर म्हणाला असतास, "हवा ऱ्हायलीय बे आत, जरा तिरपं कर." केलं तिरपं. गेली हवा.

परवा स्टँडमागच्या सगळ्या मेकॅनिक लोकांनी मिळून तुझ्यासाठी छोटी शोकसभा घेतली. मलाही बोलायला लावलं. मी उभा राहून म्हणालो, बाळासाहेब मनमिळाऊ होते, मितभाषी होते. आणि खाली बसलो. खोटं बोललो रे. तू एक नंबरचा भांडकुदळ होतास. चहात साखर किती यावरून तू भांडायचास, मग पाणी, तांबं आणि उष्णता यांवरून तर विचारूच नको. पण जे खरं बोलायचं होतं ते तिथं बोलण्यासारखं नव्हतं. तुला एक गोष्ट सांगायची माझी राहून गेली. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं राहून गेली. ती सांगायला बसलोय. पण आधी चार बऱ्या गोष्टी बोलू दे, मग आपोआप धीर येईल.

पहिली गोष्ट त्या मे महिन्याची. लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचं माझं दुकान म्हणजे वर पत्रा आणि खाली मी. दुपारी दोनला मशीन इतकं तापायचं की व्हिडिओ निम्मा तयार झाला की आपोआप बंद. मी पंखे वाढवत होतो. एक झाला, दोन झाले, चार झाले. समोरच्या तुझ्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानातून तू आलास, हाताला डाखाचा, वितळलेल्या कथलाचा वास, आणि म्हणालास, "आरं इमान उडवायलास का? माज्या दुकानात गिऱ्हाइकाचं बोलनं ऐकू यीना." मग मशीनवर तळवा ठेवलास आणि तसाच ठेवून उभा राहिलास, एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"ह्याला निसत्या पंख्यानं काय हुतंय बे? ट्रकाच्या इंजिनाला निसता पंखा लावून बघ. गेवराईपत्तुर तरी जातंय का."

मी हसत हसत सांगितलं की मोठ्या शहरांत लोक कॉम्प्युटरलाही पाणी लावतात. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, काडेपेटीएवढा. सगळी उष्णता तिथंच. पंखे बसवलेत बाहेर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवतात, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्यातून पाणी फिरतं, उष्णता घेतं आणि बाहेर रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझी भाकरी लपवून ठेवली होती.

"म्हंजी रेडिएटरच की! मंग इतकं दिस मला कावून न्हाई सांगितलं?"

खरंच, का नाही सांगितलं? तू समोर बसायचास. उसाचा सीझन सुरू झाला की तुझ्या दारात ट्रॅक्टर आणि ट्रकांची रांग लागायची. तुझे आई-वडील कोयते घेऊन कारखान्या-कारखान्यांवर जायचे, तूही निम्मी शाळा त्यांच्या पाचटाच्या कोपीतच काढलीस, आणि कड्याच्या कारखान्याबाहेर एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली हे काम शिकलास. पाणी उष्णता कशी वाहून नेतं हे सबंध केजमध्ये तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि मी चार पंखे लावून बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तुझा पहिला ब्लॉक आठवतो? भंगारातून तांब्याचा जाड तुकडा आणलास, आरपार भोकं पाडलीस, तोंडं डाखून टाकलीस. मोटारसायकलचा जुना रेडिएटर, कूलरची मोटर आणि दुकानामागच्या बोरचं पाणी. मशीन चाललं. दुपारी दोनला चाललं! आपण दोघं पडद्यावरच्या आकड्याकडे बघत उभे होतो आणि तुझी बायको, आमच्या सुनीतावहिनी, दारातून म्हणाल्या, "किरकेटची म्याच हाय का काय?"

पुढं महिन्याभरात काय झालं तेही आठवत असेल. बोरच्या पाण्यानं आतून पांढरा थर धरला आणि तू म्हणालास, "आपल्या बोरचं पानी म्हंजी पातळ दगुड." तो थर आपण खरवडला, पण दुसरी चूक आपल्याला ठाऊकच नव्हती. ब्लॉक तांब्याचा, रेडिएटर अॅल्युमिनियमचा. दोन्ही एकाच पाण्यात, तेही खारट. तांब्यानं त्या अॅल्युमिनियमला आतल्या आत खाल्लं आणि एके दिवशी सगळं पाणी माझ्या डिस्कवर. गेवराईच्या एका लग्नाची सप्तपदी गेली. पार गेली. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती.

आपण दोघं मोटारसायकलवर गेवराईला गेलो. सबंध रस्ता मी मनात कारणं जुळवत होतो: लाइट गेली, डिस्कच खराब निघाली, कंपनीचाच दोष. नवरीचे वडील दारात आले. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "चूक माजी हाय, ह्याची न्हाई. पानी माज्या जोडातनं गळलं." बस्स. ते तापले, बोलले, दहा मिनिटं बोलले. मग थकून म्हणाले, आता आलाच आहात तर चहा घ्या. येताना मी विचारलं, तू एकदम कसं काय सांगितलंस? तू म्हणालास, "गळतं कुटं ते आदी दावायचं आस्तंय. मंगच डाख बसतो." तू हे रेडिएटरबद्दल बोलत होतास की आणखी कशाबद्दल, देव जाणे. तुला असली मोठी वाक्यं करायची सवय नव्हती. मला मात्र ते वाक्य पुढं फार छळणार होतं.

त्यानंतर तू तांब्या-पितळेचा रेडिएटर बनवलास. बॅटरीत घालतात ते डिस्टिल पाणी आपण भरायला लागलो. पुढचे उन्हाळे माझं मशीन एकदाही बंद पडलं नाही. माझं घर त्या मशीनवर चालतं, बाळ्या. हे मी तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. तू म्हणाला असतास, "बास बास, हार आन आता." आज म्हणतो. तुझ्यामुळं माझं दुकान उभं राहिलं.

आणि मग आपल्याला तुलनेचं खूळ लागलं. मी बाहेरून ब्लॉक मागवायचो, तू उघडून बघायचास. स्वस्तातला अॅल्युमिनियमचा आला, तो तू हातात घेऊन लगेच परत दिलास, "ह्यो आपल्या घरचा चोर हाय." मग निकेलचा मुलामा दिलेला, आतमध्ये केसासारख्या बारीक चिरा पाडलेला एक भारी ब्लॉक आला. तो तू भिंगातून पाहिलास. अर्धा तास फिरवून फिरवून पाहिलास. मग म्हणालास, "झाक हाय." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तू हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, पातं सहाणेवर घासून पातळ करायला लागलास. तांब्यात हातानं चिरा पाडायला.

भांडणं तेव्हाच सुरू झाली. मी म्हणायचो चिरा जितक्या बारीक तितकं चांगलं, कारण पाण्याला तांबं जास्त भेटतं. तू म्हणायचास, बारीक चीर म्हणजे तुंबायला आमंत्रण. हे भांडण मिटलं नाही आणि दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. दुसरं भांडण मात्र तू उगाच ओढलंस. पाणी हळू फिरलं की जास्त उष्णता घेतं, हा तुझा हट्ट. मी तीनदा पंपाचा वेग बदलून आकडे दाखवले. तू म्हणालास, "तुजा आकडाच येडा हाय." यात तू चुकीचा होतास आणि आजही आहेस. मेलास म्हणून मी हे सोडणार नाही.

तुझा तिसरा ब्लॉक मात्र खरंच भारी होता. खाली हातानं पाडलेल्या चिरा, त्यावर पितळेची पट्टी, पट्टीला बरोबर मधोमध एक फट. तू म्हणालास, "तापल्याली कढई आसती, तिच्या कडंला पानी वतलं तर काय? मदी वतलं की कसं चर्र करतंय. तसं पानी मदी पडाया पायजे, अन दोनी कडंनी भाईर जाया पायजे." वर दोन तोंडं, दिसायला अगदी सारखी. पाणी ज्यातून आत जायचं त्या तोंडाच्या कडेला तू कानशीनं एक बारीक खाच मारलीस. ही तुम्हा रेडिएटरवाल्यांची रीत: आत जाणाऱ्या तोंडाला खाच. तू मला ते सांगितलं नाहीस, कारण तुझ्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. ते कुणाला ठाऊक नसतं?

मला ठाऊक नव्हतं.

माझ्या यूट्यूब चॅनलसाठी मी मोठा व्हिडिओ करायचं ठरवलं. बाहेरचा ब्लॉक विरुद्ध केजचा ब्लॉक. पहिला शॉट तुझा. तू दारात उभा, हातात ब्लॉक, दात काढून हसतोयस. मग मला वाटलं ब्लॉक जरा काळपट दिसतोय, कानशीचा ओरखडाही दिसतोय. कॅमेऱ्यात बरा दिसायचा नाही. मी तो भांड्यांना पॉलिश करतात तिथं नेला आणि चांगला चकचकीत करून आणला. ओरखडा गेला. मला वाटलं, वा.

टेस्टच्या दिवशी तू येणार होतास. तेवढ्यात उसाचा एक ट्रक वाफा सोडत तुझ्या दारात येऊन थांबला. तू ओरडून म्हणालास, "तू लाव बे, मी आलोच. तुज्या हातावर भरवसा हाय." मी लावला. तोंडं दोन, नळ्या दोन. पंपाकडची नळी मी चुकीच्या तोंडाला जोडली. पाणी कडेनं आत शिरलं आणि मधल्या फटीतून बाहेर आलं. बरोबर उलटं. बाकी सगळं मी अगदी नियमानं केलं: तोच पंप, तोच रेडिएटर, प्रोसेसर आणि ब्लॉकच्या मधे वाटाण्याएवढी पेस्ट, प्रोसेसरवर अर्धा तास कामाचा पूर्ण भार. बाहेरचा ब्लॉक सहासष्ट अंश. तुझा पंच्याहत्तर.

तू हात पुसत आलास. मशीनच्या झाकणाच्या काचेतून चकाकणारा ब्लॉक बघून आधी खूश झालास, "नवरीवानी नटवलंस की बे." मग आकडा पाहिलास. नऊ अंश. तू पुन्हा एकदा पाहिलास आणि म्हणालास, "ठीक हाय. मशीनीम्होरं हाताचं काय चालतंय." ब्लॉक परत मागितला नाहीस. "ऱ्हाऊ दे तुज्याकडंच." व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. तू पाहिला नाहीस. म्हणालास, हारल्याली कुस्ती परत कोन बघतंय. त्यानंतर तू एकही ब्लॉक बनवला नाहीस.

पुढच्या पावसाळ्यात मी तो ब्लॉक शोकेसमध्ये ठेवायच्या आधी आतून पुसायला म्हणून उघडला. पितळेची पट्टी दिसली, मधली फट दिसली, आणि ती फट कुठल्या तोंडाशी जोडलीय ते दिसलं. घाईनं जुना व्हिडिओ लावला. पहिल्या शॉटमध्ये तुझ्या बोटांजवळ खाच स्वच्छ दिसत होती. आणि टेस्टच्या शॉटमध्ये पंपाची नळी त्याच्या बरोबर पलीकडच्या तोंडाला. इतक्या लोकांनी पाहिला, एकानंही ओळखलं नाही. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

समोर तर बसायचास तू. वीस पावलं. रोज चहाला यायचास. कितीदा ठरवलं की आज सांगू. कधी तू खुशीत असायचास, म्हटलं आज नको. कधी चिडलेला असायचास, म्हटलं आज तर नकोच. गेवराईच्या दारात तू एका वाक्यात जे केलंस ते मला दोन वर्षांत जमलं नाही. मला वाटायचं, एवढं काय त्यात? त्याचं रेडिएटरचं काम चालू आहेच की. तो विसरलाही असेल.

गेल्या आठवड्यात दुपारी सुनीतावहिनी आल्या. दुकान त्याच चालवणार आहेत, हे तुला ठाऊक असेलच. निम्मे डाख त्यांच्याच हातचे असायचे हे सगळा बाजार जाणतो. दुकानात लावायला तुझा मोठा फोटो हवा होता. माझ्याकडे चांगला फोटो एकच निघाला, त्या व्हिडिओतला पहिला शॉट. तो मी पडद्यावर मोठा केला. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचं लक्ष शोकेसकडे गेलं.

"ह्यो तोच हाय ना भाऊजी?"

मी हो म्हणालो. त्यांनी ब्लॉक बाहेर काढला आणि अंगठा कडेवरून फिरवला. एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. पडद्याकडे पाहिलं.

"ह्याची खाच कुटाय?"

मी दुसरं काहीही सांगू शकलो असतो. पण पडद्यावर तू बघत होतास. मी सांगितलं, पॉलिश, नळ्या, पावसाळा, सगळं. गळतं कुठं ते दाखवलं. वहिनींनी ब्लॉक टेबलावर ठेवला.

"दोन उन्हाळं," त्या म्हणाल्या, "दोन उन्हाळं त्यांनी दुकानाच्या भिताडावर खडूनं रेगा वढून काडलं. हितं फट ठिवली आसती तर, चीर आनखी खोल घेतली आसती तर. कावून हारलो, कावून हारलो. मी म्हनायची, आवं सोडा की आता. तर म्हनायचे, नऊ अंश लई आस्तेत सुनीता, कुटंतरी माजंच चुकलंय. अन तुमी हितं समूर बसलता!"

तू विसरला नव्हतास. तू तुझ्या कामात नसलेली चूक शोधत होतास, आणि ती माझ्या खिशात होती. बाळ्या, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

वहिनी उठून गेल्या. मला वाटलं, आता ह्या माझं तोंड बघायच्या नाहीत. पाच मिनिटांनी परत आल्या, हातात तुझी कानस. ब्लॉक उघडा म्हणाल्या. उघडला. फटीचं तोंड त्यांनी नीट बघून घेतलं आणि कडेला खाच मारली, अगदी तुझ्यासारखी, तीनदा कानस ओढून. "आता लावा. मी बगते."

आधी बाहेरचा लावला. तोच पंप, तेच पाणी, अर्धा तास. सदुसष्ट. मग तुझा. या वेळी पंपाची नळी वहिनींनी स्वतः खाचेवर बसवली आणि पकड आवळली. अर्धा तास आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. चौसष्ट झाले, सहासष्ट झाले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, थांब, इथंच थांब, जिंकू दे त्याला. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्यासोबतच्या भांडणात हरायचं होतं. आकडा सरकला. अडुसष्टवर जाऊन थांबला तो थांबलाच.

एक अंश. तू हरलास.

एखादा अंश लपवावा, पुन्हा एकदा लावून बघू म्हणावं, असंही मनात आलं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि चक्क हसल्या.

"हारले तर हारले," त्या म्हणाल्या. "पन आता नीट हारले."

आज सकाळी मी तो जुना व्हिडिओ काढून टाकला. नवा चढवलाय. सुरुवातीलाच माझं तोंड आहे आणि चूक कुणाची ते पहिल्या वाक्यात आहे. मशीनमध्ये आता तुझा ब्लॉक आहे. बाहेरचा खोक्यात गेला.

कारखान्यातल्या मशीननं केसासारख्या चिरा पाडलेल्या त्या ब्लॉकच्या मागं तू हॅक्सॉच्या पात्यानं फक्त एक अंश राहिलास, बाळ्या. नऊ नव्हे. आठ माझे होते.